आरामखुर्ची मोडीत देण्याआधी



दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून, पडवीतून, गोठ्याच्या कोपऱ्यातून काय काय बाहेर येतं. तांब्यापितळेची भांडी आपण मोजून ठेवतो, कारण त्यांचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. पण एक वस्तू अशी असते की तिचं काय करावं ते कुणालाच कळत नाही. लांब हातांची, मागे रेललेली, मधोमध भगदाड पडलेली आरामखुर्ची. बसता येत नाही आणि जागा मात्र खाटेएवढी अडवते. मग टेम्पो घेऊन फिरणारा माणूस दारात येतो, खुर्चीकडे बघून नाक मुरडतो, "वेत गेलाय ताई, हिचं आता सरपणच," म्हणतो आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांच्या बदल्यात ती घेऊन जातो. आज या खुर्चीबद्दल बोलायचं आहे.

आमच्या बचत गटातल्या सहा जणी वेत विणायचं काम करतात. त्यामुळे अशा खुर्च्या आमच्याकडे उलट्या-पालट्या होऊन येतात, त्यांचं पोट आतून बघायला मिळतं. आणि जवळजवळ प्रत्येक खुर्चीत तेच दिसतं. चौकट शाबूत, पाय शाबूत, हात शाबूत, गेलेला असतो तो फक्त वेत. वेत हा या खुर्चीतला सगळ्यात स्वस्त भाग. तो जाणारच आहे हे करणाऱ्या सुताराला माहीत होतं, म्हणूनच त्याने चौकटीला भोकं पाडून ठेवली, की जुना काढावा आणि नवा विणावा. पायताणाचा अंगठा तुटला म्हणून कुणी पायताण टाकत नाही. खुर्चीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

ही खुर्ची मुळात आली कुठून? फ्रेंच भाषेत 'शेझ लाँग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ सरळ 'लांब खुर्ची'. टेकून बसावं आणि पाय त्याच बैठकीवर लांब सोडावेत, म्हणजे अर्धी खुर्ची आणि अर्धी बाज. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत तिचं फार प्रस्थ होतं. जाक-लुई दाविद नावाच्या मोठ्या चित्रकाराने १८०० साली पॅरिसच्या मादाम रेकामिए या बाईंचं चित्र काढायला घेतलं. बाई अनवाणी, अशाच एका लांब कोचावर रेललेल्या. चित्र अर्धवटच राहिलं, पण आज ते लूव्र संग्रहालयात आहे आणि त्या घाटाच्या कोचाला बाईंचंच नाव पडलं. तिकडे असे कोच मखमलीने मढवायचे आणि आत घोड्याच्या केसांचं भरण घालायचे. आपल्या पावसाळ्यात ती मखमल चार महिने ठेवून बघा. बुरशीचा वास, ओल, वर ढेकणांची सोय. आपल्या हवेला हवी खालून वारा खेळणारी बैठक, ती वेताने दिली. पाय टेकायला वेगळी बैठक लांबवण्याऐवजी खुर्चीचे हातच लांब केले, त्यावर पोटऱ्या टाकायच्या. काही खुर्च्यांत हाताच्या पोटाखालून आणखी एक फळी फिरवून पुढे काढता येते, ती मिटली की खुर्ची पुन्हा आखूड. चहा-कॉफीच्या मळ्यांवरच्या साहेबांच्या व्हरांड्यात ती असायची म्हणून इंग्रजीत तिला 'प्लँटर्स चेअर' म्हणतात. गोव्यातल्या जुन्या घरांत तिला 'वोल्तेर' म्हणणारी माणसं भेटतात. आपण म्हणतो आरामखुर्ची, आणि त्याच नावात कापडाची घडीची खुर्चीही धरतो. तिच्याकडे शेवटी येऊ.

वेत गेला म्हणून खुर्ची मोडीत काढण्याची गोष्ट आपल्या खेड्यातच घडते असं समजू नका. चंडीगड शहर वसवलं जात होतं तेव्हा, १९५१ पासून, पिअर जानरे नावाचे स्विस वास्तुकार तिथे राहून काम करत होते. याच जानरेंनी १९२८ साली, ल कॉर्ब्युझिए हे त्यांचे चुलत भाऊ आणि शार्लोत पेरियाँ या तरुण बाई यांच्याबरोबर, नळ्यांच्या चौकटीची एक लांब खुर्ची केली होती. ती आजही जगभर प्रसिद्ध आहे, आणि बराच काळ तिचं श्रेय एकट्या कॉर्ब्युझिएंना दिलं जाई, पेरियाँबाईंचं नाव मागे पडे. हा तिढा आपल्या ओळखीचाच आहे, पुढे जाऊ. तर चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी जानरेंनी सागवानाच्या आणि वेताच्या साध्या, दणकट खुर्च्या करवून घेतल्या. स्थानिक सुतारांनी त्या केल्या. पुढे वेत फाटला, स्टीलचं फर्निचर आलं, आणि या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढीग लावून टाकल्या गेल्या. सरकारी लिलावात त्या भंगाराच्या भावाने गेल्या. घेणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या, परदेशी नेल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्या लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ साली केंद्राच्या गृहमंत्रालयाला आदेश काढावा लागला की चंडीगडचं हे फर्निचर विकू नका. तोवर पुष्कळ गेलं होतं.

आपल्या पडवीतली खुर्ची लाखाला जाईल असं आम्ही म्हणत नाही. जानरेंचं नाव होतं म्हणून ते भाव आले. पण टेम्पोवाला सांगतो ती किंमत आणि तिची खरी किंमत यांत अंतर किती असू शकतं, ते यावरून कळावं.

आता आपली खुर्ची बघू. आधी ती उलटी करा. पालथ्या खुर्चीला खोटं बोलता येत नाही. वरून रंग, पॉलिश काहीही असो, खालच्या बाजूला लाकूड उघडं असतं. तिथे चाकूने थोडंसं खरवडा. साग असेल तर आतून सोनेरी-तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसव असेल तर जांभळट-काळसर रंग, आत गडद रेषा, वास गोडसर, आणि खुर्ची उचलताना कंबर सांगते ती शिसवीची आहे म्हणून. कोकण-गोव्याकडे फणसाच्या लाकडाचीही असते. फणस मुळात पिवळा, वर्षं गेली की तांबूस तपकिरी होत जातो. पुष्कळ घरांत खुर्चीला हिरवा नाहीतर चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला असतो, त्याने फसू नका, त्याच्या आत साग असू शकतो.

लाकूड कळलं की खुर्ची वजन करा. आमच्या गटाची ही आवडती युक्ती आहे, नीट ऐका. वाळलेल्या सागाचं एक घनफूट साधारण १८ किलो भरतं. शिसवीचं साधारण २४ किलो. खुर्ची पिठाच्या गिरणीत न्या आणि काट्यावर ठेवा. समजा सागाची खुर्ची २० किलो भरली, तर तिच्यात एक घनफुटापेक्षा थोडं जास्तच लाकूड आहे. मग तालुक्याच्या वखारीत विचारा, चांगल्या सागाचा आज घनफुटाला भाव काय. खुर्चीतलं लाकूड तुकड्यांत आहे म्हणून थोडं कमी धरा. पण ते जुनं, पूर्ण वाळलेलं, आता न वाकणारं लाकूड आहे म्हणून फार कमी धरू नका. जो आकडा येईल तिथून बोलणी सुरू होतात. त्यात सुताराची कारागिरी आणि खुर्चीचं वय अजून धरलेलंच नाही. नुसता हा आकडा हातात असला तरी टेम्पोवाल्याशी बोलताना आवाज बदलतो, हे आम्ही बायकांच्या तोंडून ऐकलं आहे.

किडीचं बघायचं तर भोकांपेक्षा भुशाकडे बघा. खुर्चीखाली स्वच्छ कागद अंथरून आठवडाभर ठेवा. ताजा, फिकट भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे. भोकं आहेत पण काठ काळवंडलेले आणि भुसा नाही, तर ती जुनी जखम आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरचा पिवळट-पांढरा भाग ती खाते. म्हणून एका पायाला कीड दिसली की अख्खी खुर्ची गेली असं होत नाही. तेवढा भाग सुतार जोडून देतो.

वय ओळखायला थोडं पोलिसासारखं व्हावं लागतं. 'अँटिक' शंभर वर्षांपलीकडचं, 'व्हिंटेज' त्याच्या अलीकडचं पण जुनं, असं बाजारात ढोबळपणे म्हणतात आणि विकणारे दोन्ही शब्द मीठ टाकावं तसे टाकतात. खालच्या बाजूला करवतीच्या खुणा बघा. हातकरवतीच्या रेघा सरळ असतात, गोल पात्याच्या यंत्राच्या रेघा वळलेल्या. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असेल तर तो जुना असू शकतो. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरचे, तेव्हा शंभर वर्षांची म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्चीत ते दिसले तर एकतर मधे दुरुस्ती झाली आहे किंवा गोष्टच खोटी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झीज कुठे आहे ते बघा. माणूस बसतो तिथेच लाकूड झिजतं. लांब हातांच्या टोकाशी पोटऱ्या टेकतात, तिथे गुळगुळीत खोलगट व्हायला हवं. हाताचा पंजा पडतो तिथे, पुढच्या पायांच्या तळाला, ओढून ओढून. सगळीकडे सारखीच, ठरवून घासल्यासारखी झीज दिसली तर ती खुर्ची मागच्या वर्षी जन्माला आली आहे. मुंबईच्या चोरबाजारात, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात चांगल्या जुन्या खुर्च्या मिळतात, आणि 'जुन्या' केलेल्या नव्याही. नवी घेण्यात काही वाईट नाही, फक्त नव्याचे पैसे द्यावेत.

याच बाजारांत कधी कधी मढवलेला, खरा युरोपी घाटाचा लांब कोचही दिसतो. तो घ्यायचा मोह झाला तर कापडाकडे बघू नका, कापड बदलता येतं. खाली वाकून पट्ट्या ताणलेल्या आहेत का बघा, हाताने दाबून स्प्रिंग एकसारख्या उठतात का बघा, आणि शिवणीत टॉर्च मारून ढेकूण शोधा. काळे ठिपके दिसले की तिथूनच नमस्कार करून परत या. नवं भरण आणि कापड यांचा खर्च बहुतेक वेळा कोचाच्या किमतीहून जास्त येतो, तो आधी मोजा. सामान्य घरासाठी आमचं मत विचाराल तर वेताचीच बरी.

आता वेत. शाळेत मास्तरांची छडी खाल्लेल्यांना वेत सांगायला नको. ती चढणारी, काटेरी, ताडाच्या कुळातली वेल आहे. बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव. जगातला बराचसा वेत इंडोनेशियाच्या जंगलांतून येतो, आपल्याकडे ईशान्येकडची राज्यं, अंदमान आणि दक्षिणेकडच्या घाटांत होतो. खुर्ची विणायला वेताची वरची चकचकीत साल वापरतात, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढून. आमच्याकडे शिकवायला आले ते एक अंध काका होते. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचं काम अंध व्यक्तींना देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि काकांची सगळी नोकरी त्यातच गेली. आम्ही डोळ्यांनी बघून जी चूक शोधू शकत नव्हतो ती ते बोट फिरवून सांगायचे.

काम असं चालतं. जुना वेत काढताना एक तुकडा जपून ठेवायचा, नमुना म्हणून. भोकं टोच्याने साफ करायची. नव्या पट्ट्या साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. कोरडी पट्टी वाकवली की तुटते, फार भिजली की काळी पडते. चकाकी नेहमी वर. पहिल्या फेरीत सगळ्या उभ्या पट्ट्या, भोकात लाकडी खुंटी ठोकून धरायच्या. दुसऱ्या फेरीत आडव्या, नुसत्या वरून टाकायच्या. तिसऱ्या फेरीत पुन्हा उभ्या, पहिलीच्या शेजारी थोड्या सरकवून. चौथीत पुन्हा आडव्या, पण या खऱ्या विणायच्या, एकीच्या खालून, एकीच्या वरून. इथवर आलं की चौकोनी जाळी दिसते. पाचवी आणि सहावी फेरी तिरप्यांची, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि तेव्हा चौकोनाचे आठ कोनी डोळे उघडतात. आमच्या मुली दुसऱ्या फेरीला कंटाळतात आणि सहावीला कुणाला हात लावू देत नाहीत. सातवी फेरी काठाची. भोकं झाकणारी एक रुंद पट्टी बारीक पट्टीने बांधून टाकायची.

तिरप्या पट्टीत सगळी गंमत आहे. उभ्या-आडव्या पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात त्या कोपऱ्यात ती सहज सरकली पाहिजे. सरकली की बाजू बरोबर. अडली, खरखरली, तर ती चुकीच्या बाजूने गेली आहे, आणि बसणाऱ्याच्या वजनाने दोन्ही पट्ट्या एकमेकींना कापत राहतात. दिसायला जाळी सारखीच दिसते. दोन वर्षांत तिथूनच भगदाड पडतं. तेव्हा कुणाकडूनही खुर्ची विणून घेतलीत तर काकांसारखं बोट फिरवून बघा. आणि पहिल्या दोन फेऱ्या फार ताणायच्या नसतात. पुढच्या फेऱ्या त्यातली सैल खातात आणि वाळताना वेत आणखी आवळतो. सुरुवातीलाच तबल्यासारखं ताणलं तर पट्ट्या तुटतात.

लांब खुर्चीला किती काम असतं त्याचा अंदाज यावा म्हणून हिशेब सांगतो. पाठ आणि बैठक मिळून समजा २० इंच रुंद आणि ५० इंच लांब, दर अर्ध्या इंचाला एक भोक. चारी बाजूंनी २८० भोकं झाली. निव्वळ विणीत साडेतीनशे मीटरच्या आसपास वेत जातो, वाया जाणारा वेगळा. आमच्या दोघी जणी बसल्या तर पाच दिवस लागतात. आम्ही दर भोकं मोजून सांगतो, कारण त्यात घासाघीस कमी होते. गिऱ्हाईकाने स्वतः मोजावीत. विणून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कुणी फारच स्वस्तात करून देतो म्हणाला तर तो मधली एखादी फेरी गाळणार आहे. जाळी झाली की दर भोकाजवळ दोन उभ्या, दोन आडव्या आणि दोन्ही तिरप्या मोजून घ्या.

काही खुर्च्यांना भोकं नसतात, कडेने एक खाच फिरलेली असते. त्यात यंत्रावर विणलेली तयार जाळी भिजवून बसवतात आणि वर वेताची दोरी ठोकतात. ते काम एका दिवसाचं. पण भोकांच्या खुर्चीला खाच पाडू देऊ नका. सुतार सांगतात, "ताई, प्लाय मारतो, वर फोम टाकतो, कायमचं काम होईल." पोस्टाच्या तिकिटाला फाडायला असते तशी ती भोकांची रांग असते. त्या रेषेत खिळे ठोकले की चौकट उभी चिरते, आणि मग खरंच सरपण होतं. प्लास्टिकची पट्टी मात्र आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. उघड्या ओट्यावर, पावसाच्या झडीत ती टिकते. पण उन्हाळ्यात अंगाला चिकटते, आणि एकदा सैल पडली की आवळत नाही.

वेत आवळतो, ही त्याची मोठी गंमत. बैठक झोळीसारखी खाली आली पण पट्टी तुटलेली नाही, तर लगेच विणायला आणू नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं चांगलं दाबून फिरवा, तासभर ओल राहू द्या, मग सावलीत रात्रभर वाळू द्या. सकाळपर्यंत ती पुष्कळ वर आलेली असते. वर्षातून एकदा, उन्हाळा लागताना, हे करावं. वेतावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढू नये. गुडघाही टेकू नये, कारण सगळं वजन चार पट्ट्यांवर येतं. ढेकूण झाले म्हणून उकळतं पाणी ओतायची जुनी सवय पुष्कळ घरांत आहे. जुन्या खुर्च्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात, आणि सरस गरम पाण्याने सुटतो. ढेकूण मरतात आणि चार महिन्यांनी खुर्ची डुगडुगायला लागते. त्यापेक्षा भोकं टोच्याने साफ करा आणि चार-दोन कडक उन्हं दाखवा, दिवसभर मात्र उन्हात विसरू नका.

पॉलिशचं एक सांगून टाकतो. जुनं पॉलिश लाखेचं असतं, चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. ते घालवायला म्हणून सगळी खुर्ची घासून नव्या नवरीसारखी करू नका. वर्षांचा रंग निघून जातो आणि जुन्याची किंमत समजणारं गिऱ्हाईकही जातं. ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, त्याच पॉलिशचा पातळ हात द्या. पुरतं.

मघाशी मादाम रेकामिएंचं सांगितलं. फ्रान्समध्ये चित्रकार त्या लांब कोचावर बाईला बसवत होता. आपल्याकडे तीच कल्पना ओटीवर आली आणि घरातल्या कर्त्या पुरुषाची झाली. खुर्ची पुसायची सुनेने, बसायचं सासऱ्याने, आणि ते गावाला गेले तरी ती रिकामीच राहायची. आमच्याकडे विणायला आलेल्या एका खुर्चीबरोबर घरच्या आजी आल्या होत्या. चाळीस वर्षं ती पुसली, बसले नाही कधी, असं त्या सहज म्हणाल्या. विणून झाली तेव्हा आमच्या पोरींनी त्यांनाच आधी बसवलं. "पाय वर टाकायचे?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पाय वर टाकून बसणं हे सुजलेल्या पायांना खरंच बरं असतं, दिवसभर चुलीपाशी किंवा दुकानात उभ्या असणाऱ्या बाईला तर हवंच. मात्र एका पायाला अचानक सूज आली, दुखायला लागला, तर खुर्चीत पडून राहू नये, दवाखान्यात जावं.

विकायचीच असेल तर घाई करू नका. खुर्ची बहुधा सामाईक असते. दीर-जावा, नणंदा यांना विचारल्याशिवाय दारातून बाहेर काढू नका, चार पैशांपेक्षा चार वर्षांचं बोलणं महाग पडतं. समोरून, बाजूने आणि पालथी करून फोटो काढा, लांबी-रुंदी लिहा, वजन लिहा, तीन जणांना दाखवा. विणून विकली तर जास्त येतात का? सागाच्या, शिसवीच्या खुर्चीला बहुतेक वेळा येतात, साध्या लाकडाच्या खुर्चीला विणायचाही खर्च निघत नाही, ती घरी वापरावी. आणि एक प्रश्न आम्हाला हल्ली येतो, की मुलगा अमेरिकेत असतो, त्याला आजोबांची खुर्ची पाठवता येईल का. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवी असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळवता येतो, तो आधी काढावा. कस्टममध्ये अडकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

आता ती कापडाची घडीची खुर्ची. तिला कारागीर लागत नाही, शिलाई मशीन लागतं. जुनं कापड उसवून त्याच मापाने नवं बेता, नवीन माप काढत बसू नका, कारण झोळ किती हवा ते जुनंच सांगतं. ते ताणलं गेलं असेल तर दोन-तीन इंच कमी धरा. जाड सुती कॅनव्हास घ्या, उभा धागा खुर्चीच्या लांबीला येईल असा. दोन्ही टोकांना दांडी जाईल एवढा नेफा, त्याला तिहेरी शिलाई, आणि कडेच्या दोन्ही बाजू दुमडून. सगळं वजन नेफ्यावर असतं, तिथे दोऱ्यात काटकसर नको. मागची दांडी खाचेत बसली आहे की नाही हे बसण्याआधी हाताने बघायचं, आणि खुर्ची उघडताना-मिटताना लहान मुलांना लांब ठेवायचं, सांध्यात बोटं चेंगरतात.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक माप. खुर्चीची पुढची कड जमिनीपासून किती उंच आहे ते फुटपट्टीने मोजा. घरातल्या ज्या खुर्चीवरून तुम्ही हात न टेकता उठू शकता तिचीही उंची मोजा. आरामखुर्ची दोन-तीन इंच कमी भरली तर चारी पायांखाली सारख्या मापाचे, खळगा कोरलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या. विटा लावू नका, खुर्ची त्यावरून सरकते. उठताना पाय आधी लांब हातांवरून खाली घ्या, पुढच्या कडेला सरका, मग उठा.

खुर्ची आणायची असेल तर मंगळवार सोडून कधीही आणा, मंगळवारी आमच्या गटाची बैठक असते. वेताचा जुना तुकडा काढून टाकला असेल तर तोही शोधून बरोबर आणा.